नॉर्वेची कामगार चळवळ १८८७ पासून मोजायची की मार्कुस थ्रानेपासून?

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नॉर्वेच्या मजूर पक्षाचा इतिहास उघडा, पहिलं पान ठरलेलं असतं: १८८७, आरेंडाल गावातली परिषद, पक्षाची स्थापना. त्याआधीचं सगळं 'पार्श्वभूमी' म्हणून उरकलं जातं. त्या पार्श्वभूमीत एक माणूस उभा आहे आणि माझ्या मते खरी सुरुवात त्याच्यापासून धरायला हवी. मार्कुस थ्राने. पेशाने शिक्षक, मग संपादक, मग कामगार पुढारी, मग कैदी.

थोडी ओळख करून देतो. जन्म १८१७, क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. १८४१ साली योसेफिन बुक हिच्याशी लग्न झालं आणि दोघांनी मिळून लिलेहामरला खाजगी शाळा काढली. पुढे तो मोदुमला गेला, निळा रंग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या शाळेत मास्तर म्हणून. तेवढ्यात १८४८ उजाडलं. फेब्रुवारीत फ्रान्सच्या राजाला गादी सोडून पळावं लागलं, युरोपभर ठिणग्या उडाल्या, आणि त्याच वर्षी या मास्तराच्या हाती द्रामेन शहरातल्या 'द्रामेन्स आद्रेस' या वर्तमानपत्राचं संपादकपद आलं. तिथे तो इतकं रोखठोक लिहू लागला की वर्गणीदार बिथरले. थोड्याच महिन्यांत त्याला नारळ मिळाला.

पण तोवर त्याला वाचक कोण आहेत आणि कोण नाहीत हे कळलं होतं. २७ डिसेंबर १८४८ ला त्याने द्रामेनमध्ये कामगार संघ काढला. सुरुवातीचे सभासद १६०. ५ मे १८४९ ला संघांचं स्वतःचं साप्ताहिक निघालं. १८५१ पर्यंत देशभर ४०० च्या आसपास संघ आणि २०,००० ते ३०,००० सभासद झाले. तेव्हा नॉर्वेची अख्खी लोकसंख्या जेमतेम १४ लाख होती! रेल्वे नाही, अर्धं वर्ष बर्फ, गावं एकमेकांपासून डोंगराआड. अशा देशात दोन-अडीच वर्षांत हे उभं राहिलं.

मग आपण याला 'पार्श्वभूमी' का म्हणायचं? तुमचं मत सांगा. सहमत नसलात तरी सांगा, किंबहुना तेच आधी सांगा.

---

प्राजक्त

लेख आवडला. वाचनखूण साठवली आहे. सभासद नेमके कोण होते? कारखाने तर तेव्हा नॉर्वेत फारसे नसणार.

---

खडूफळा

प्राजक्त, बरोबर. गिरणीकामगार डोळ्यांसमोर आणू नका. शहरांत कारागीर, हमाल, लाकूड वखारीतले मजूर. पण खेड्यांत मोठा भरणा 'हुस्मन' लोकांचा. शेतकऱ्याच्या जमिनीच्या कडेला खडकाळ तुकडा आणि झोपडं मिळायचं, त्या बदल्यात मालक बोलावेल तेव्हा त्याच्या शेतात राबायचं. ऐन कापणीत आपलं पीक उभं आणि बोलावणं मालकाचं. मताचा हक्क नाही. १८१४ ची नॉर्वेची राज्यघटना त्या काळात युरोपातली फार उदार गणली जाई, पण मत होतं ते सरकारी अधिकारी, शहरातले व्यापारी-मालमत्ताधारी आणि जमीन बाळगणारे शेतकरी यांना. हुस्मनचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

---

जुनाट

असहमत. आकडे डोळे दिपवणारे आहेत हे मान्य, पण चळवळ म्हणजे सातत्य. १८५१ च्या जुलैत धरपकड झाली आणि संघ बघता बघता विरून गेले. १८८७ चा पक्ष ज्यांनी काढला ते थ्रानेचे शिष्य नव्हते. मुद्रक क्रिस्तियान होल्टरमान क्नुदसेन आणि त्याचे सहकारी यांच्याकडे विचार आला डेन्मार्क आणि जर्मनीकडून. मधली पस्तीस वर्षं रिकामी आहेत. आजोबांनी लावलेलं झाड वाळून गेलं आणि नातवाने बाजारातून नवं रोप आणलं, तर ते आजोबांचं झाड होत नाही.

शिवाय थ्रानेच्या मागण्या बघा. त्यात समाजवाद असा फारसा नाहीच.

---

वकिलीण

जुनाट, मागण्यांचा विषय काढलात ते बरं केलंत, कारण पुढचा खटला त्यांच्याच उजेडात वाचायला हवा.

मे १८५० मध्ये राजा ऑस्कर पहिला याच्याकडे अर्ज गेला. त्यावर जवळजवळ १३,००० सह्या होत्या. मागितलं काय? सर्व पुरुषांना मताधिकार. हुस्मन लोकांना संरक्षण. धान्यावरचा आयातकर कमी करा, म्हणजे भाकरी स्वस्त होईल. लष्करी सेवा फक्त गरिबाच्या पोराने करायची हे बंद करून सगळ्यांना सारखी लावा. गावातल्या शाळा सुधारा. दारूच्या विक्रीला आळा घाला. न्यायालयांत गरीब-श्रीमंत असा भेद नको.

यात राजाला हटवा असं एक वाक्य नाही. उलट सगळी भिस्त राजावरच. नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं: नाही.

यानंतर वातावरण तापलं. संघांच्या प्रतिनिधींची देशव्यापी बैठक १८५० मध्ये एकदा झाली होती, जून १८५१ मध्ये पुन्हा झाली. लोक तिला 'छोटी संसद' म्हणायचे. दुसऱ्या बैठकीत काही जणांनी क्रांतीची भाषा केली, पण बैठकीने शेवटी तो रस्ता धरला नाही. ७ जुलै १८५१ ला थ्रानेला पकडलं. इथून पुढचं मला वकील म्हणून अस्वस्थ करतं. निकाल लांबत गेला आणि तोपर्यंत माणूस कोठडीत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८५५ ला! राज्याच्या सुरक्षेविरुद्धचा गुन्हा म्हणून चार वर्षं सक्तमजुरी. १८५१ ला आत गेलेला माणूस १८५८ ला बाहेर आला. त्याच्याबरोबर शंभरहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, त्यात साधे हुस्मन आणि कारागीर होते.

तेव्हा जुनाट, चळवळ 'विरून गेली' हे क्रियापद मला मान्य नाही. ती मोडली गेली. पुढारी, चिटणीस, गावोगावचे कार्यकर्ते एकाच वेळी उचलले, तर कुठली संघटना टिकेल?

---

भटकी

वकिलीणताईंना +१००.

---

निळाई

मी मातीकाम शिकवते, त्यामुळे मोदुमचं नाव वाचून राहवलं नाही. थ्राने जिथे मास्तर होता तो कारखाना मी पाहिला आहे. आता तिथे संग्रहालय आहे, हाउगफॉस धबधब्याच्या काठी. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

कोबाल्टची निळाई इथून जगभर जात असे. १७७० च्या दशकात सुरू झालेला हा कारखाना भराच्या काळात नॉर्वेतला सगळ्यात मोठा उद्योग होता. चिनी मातीच्या भांड्यांवरचा आणि काचेतला निळा रंग यातून व्हायचा. खनिज डोंगरातल्या स्कुतेरूदच्या खाणीतून काढायचं, फोडायचं, निवडायचं, मग भट्टीत भाजायचं. भाजताना त्यातून आर्सेनिकचा धूर निघतो. मग गारगोटी आणि पोटॅश घालून वितळवायचं, की गडद निळी काच तयार. ती दळून दळून पूड करायची. खनिज निवडायच्या कामाला लहान मुलगे असत. छोटा हातोडा घेऊन दिवसभर दगड फोडायचे आणि चांगला-वाईट वेगळा करायचा.

आता विचार करा, अशा मुलांच्या वस्तीत हा माणूस शिकवत होता. कारखान्याने शाळा काढली होती, आजाऱ्यांसाठी निधी होता, त्या काळाच्या मानाने मालक वाईट नव्हते. पण कृत्रिम निळा रंग बाजारात आला आणि १८४८ च्या उलथापालथीत युरोपातला पैसा आटला, तसा हा डोलारा कोसळला. थ्राने तोवर द्रामेनला गेला होता. माझी खात्री आहे की 'कामगार' हा शब्द त्याने पुस्तकात वाचण्याआधी वर्गात समोर बसलेला पाहिला होता.

---

प्राजक्त

निळाई, किती सुंदर लिहिलंत. माझ्या आजीची निळ्या नक्षीची बशी आता वेगळीच दिसायला लागली!

---

तिसरी घंटा

नाटकवाल्यांनी इथे हजेरी लावायलाच हवी, कारण या गोष्टीत इब्सेन आहे.

१८५० साली हेन्रिक इब्सेन बावीस वर्षांचा, नुकताच क्रिस्तियानियात आलेला, खिसा रिकामा. तो ज्या घरी राहायचा तिथेच थेओदोर आबिल्गोर नावाचा तरुण राहायचा. हा आबिल्गोर थ्रानेच्या चळवळीतला बिनीचा माणूस, साप्ताहिकाच्या संपादनात त्याचा हात होता. त्याच्या ओढीने इब्सेन रविवारच्या कामगार शाळेत शिकवायला जाऊ लागला आणि साप्ताहिकात लिहूही लागला.

७ जुलै १८५१ ला पोलीस छापखान्यावर आले. टेबलावर हस्तलिखितांचा गठ्ठा, त्यात इब्सेनचाही मजकूर. छापखान्यातल्या मुख्य कारागिराने काय करावं? ते कागद सहज रद्दी टाकावी तसे जमिनीवर टाकून दिले. पोलिसांनी कपाटं, खण, टेबलं सगळं उपसलं. पायाखालच्या कागदांकडे कोणी बघितलं नाही. आबिल्गोर तुरुंगात गेला, इब्सेन वाचला.

त्या कारागिराला मी मनोमन नमस्कार करते. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचतं, कारण तिथे जमिनीवर कागद पडलेले असणं यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

---

सोलापुरी चादर

वा! हा प्रसंग रंगमंचावर यायलाच हवा. तिसरी घंटा, मनावर घ्या.

---

शाईचा ठिपका

संपादक आणि कामगार पुढारी एकाच माणसात, म्हटल्यावर मराठी वाचकाला नारायण मेघाजी लोखंडे आठवणारच. १८८० पासून 'दीनबंधू' त्यांनी चालवला, १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, आणि रविवारची सुट्टी १८९० ला मिळाली. त्यांच्यामागेही अर्ज आणि सह्या यांचंच बळ होतं.

एक फरक मात्र जाणवतो. लोखंड्यांचे कामगार परळ-लालबागच्या एका पट्ट्यात राहणारे, भोंगा वाजला की हजारो एकदम रस्त्यावर येणारे. थ्रानेचे लोक विखुरलेले. एका दरीत दहा झोपड्या, पुढच्या दरीत पाच. त्यांना एकमेकांची खबर कळायची ती साप्ताहिकातूनच. म्हणून थ्रानेच्या बाबतीत पत्र हे चळवळीचं मुखपत्र नव्हतं, पत्र हीच चळवळ होती.

---

जुनाट

शाईचा ठिपका, शेवटचं वाक्य जरा जास्त होतंय. १८४९-५० च्या खेड्यांतल्या मजुराला वाचता कितपत येत होतं?

---

भटकी

जुनाटकाका, इथे मी बोलते, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई आहे आणि शाळांचा इतिहास हा माझा छंद.

नॉर्वेत तेव्हा खेड्यापाड्यांत फिरती शाळा होती. मास्तर एका घरी काही दिवस राहायचा, आसपासची मुलं तिथे जमायची, मग पुढच्या घरी. जेवण-झोपणं त्याच घरी. १८६० च्या कायद्याने स्थायी शाळा सक्तीच्या होऊ लागल्या, तोवर बहुतेक खेड्यांत हेच चाललं. शिक्षण कसलं, तर धर्मपाठ आणि वाचन. चर्चमधला दीक्षाविधी झाल्याशिवाय माणूस प्रौढ धरला जात नसे, आणि त्यासाठी वाचता येणं जवळपास गरजेचंच होतं. त्यामुळे गरिबातल्या गरिबाला छापील मजकूर वाचता येई. लिहिता येणारे कमी. म्हणजे थ्रानेला वाचक आयतेच तयार मिळाले होते, ते तयार केले होते पाद्र्यांनी! संघाच्या बैठकीत पत्र मोठ्याने वाचायचे, त्यामुळे ज्याला अडखळत वाचता येई त्याचाही प्रश्न सुटला.

आणि शिक्षक राजकारणात येणं ही तिथे एकट्या थ्रानेची गोष्ट नाही. ओले गाब्रियेल उएलान हा शेतकऱ्यांचा मोठा पुढारी, तोही आधी फिरत्या शाळेचा मास्तर. सोरेन योबेक, जो १८४५ पासून जवळजवळ अर्धशतक संसदेत बसला, तोही मास्तर आणि पुढे स्वतःचं पत्र चालवणारा. सरकारी खर्चाच्या ठरावाला तो हटकून 'नाही' म्हणायचा, म्हणून लोकांनी त्याच्या नावाचंच 'नाहीबेक' करून टाकलं होतं.

---

वकिलीण

भटकी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. त्यातच थ्रानेची अडचण आहे. उएलानसारखे संसदेतले शेतकरी पुढारी अधिकारीवर्गाशी भांडत होते, गरिबांची भाषाही बोलत होते. मग त्यांनी थ्रानेला साथ का दिली नाही? कारण हुस्मन राबायचा तो त्यांच्याच शेतात. मताधिकार हुस्मनला द्यायचा म्हणजे गावची सत्ता वाटून घ्यायची. सरकारने पकडलं हे खरं, पण एकटं पाडलं ते शेतकऱ्यांनी.

---

कोकणी मेवा

आमच्याकडच्या खोतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वरच्याशी लढणारा खालच्याला बरोबर घेईलच असं नाही.

---

सोलापुरी चादर

कोणी दंगलींबद्दल लिहा की. ह्योनेफॉसला टोप्या करणाऱ्याने लढाई केली असं कुठेतरी वाचलं होतं.

---

उत्तरध्रुव

ऑस्लोत राहतो, उशिरा पोचलो धाग्यावर.

सोलापुरी चादर: तो हाल्स्टेन क्नुदसेन, पेशाने टोप्या बनवणारा, ह्योनेफॉस भागातला थ्रानेचा कडवा कार्यकर्ता. त्याच्या प्रकरणात लष्कर आणावं लागलं, म्हणून 'टोपीवाल्याची लढाई' हे नाव पडलं. उत्तरेकडे लेवांगरलाही १८५१ च्या फेब्रुवारीत गडबड झाली आणि सैनिक पाठवले गेले. लढाई हा शब्द मोठा आहे. पण अधिकाऱ्यांच्या मनात पॅरिस आणि बर्लिनच्या बातम्या ताज्या होत्या. त्यांना प्रत्येक जमावात बॅरिकेड दिसत होती.

आता मूळ प्रश्नाकडे. इथे ऑस्लोत थ्रानेच्या नावाचा रस्ता आहे. पाहुणे आले की मी मुद्दाम सांगतो, कारण शहरात वाल्देमार थ्रानेच्या नावाचाही रस्ता आहे आणि तो संगीतकार. नवा माणूस हमखास गोंधळतो.

'आमच्या रक्षणकर्त्याची दफनभूमी' इथल्या मध्यवस्तीत आहे. तिथे इब्सेन आहे, लेखक ब्यर्नसन आहे, आणि थ्रानेही आहे. पण थ्राने मेला अमेरिकेत, १८९० साली, विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावी, डॉक्टर मुलाच्या घरी. त्याचे अवशेष इथे आणले ते १९४९ मध्ये. तेव्हा सत्तेवर कोण होतं? मजूर पक्ष. म्हणजे ज्या पक्षाचा जन्म जुनाट १८८७ चा सांगतात, त्याच पक्षाच्या राजवटीत, साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाला शंभर वर्षं होत असताना, हा म्हातारा घरी आला. पक्षाने त्याला आपला पूर्वज मानलं आहे. आपण इथे बसून तो नाही असं ठरवणारे कोण?

---

जुनाट

उत्तरध्रुव, पक्ष पूर्वज शोधतातच. सत्तेवर आल्यावर तर जास्तच. त्यावरून सातत्य सिद्ध होत नाही. माझ्या बाजूचा एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. १८८३ साली थ्राने नॉर्वेला आला होता, व्याख्यानं द्यायला. पासष्टीचा माणूस, ज्यांच्यासाठी तुरुंग भोगला त्यांच्या भेटीला. स्वागत थंड झालं. बडे लोक तर सोडाच, कामगारांमध्येही उत्साह नव्हता. तो परत गेला. हे पक्षाच्या स्थापनेआधी चारच वर्षं! धागा जुळलेला असता तर १८८३ ला रांगा लागल्या असत्या.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. पण इतिहास म्हणून हेच दिसतं.

---

प्राजक्त

१८८३ बद्दल वाचून गलबललं.

---

तिसरी घंटा

मलाही. आणि योसेफिनबद्दल कोणी बोलतच नाही आहे. लिलेहामरच्या शाळेत ती शिकवत होती, द्रामेन आणि नंतर क्रिस्तियानियात पत्राच्या कामात ती होती. नवरा सात वर्षं तुरुंगात, पदरी मुलं, आणि साप्ताहिक तर १८५६ पर्यंत निघत होतं. तो सुटल्यावर फोटोग्राफर म्हणून गावोगाव फिरून पोट भरू लागला. १८६२ साली ती गेली. त्यानंतर थोड्याच काळात त्याने मुलींना घेऊन देश सोडला. तो अमेरिकेला का गेला याचं कारण मला राजकारणापेक्षा या घरात जास्त दिसतं.

---

शाईचा ठिपका

तिसरी घंटा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. साप्ताहिक १८५६ पर्यंत चाललं हा तपशील जुनाटांच्या 'बघता बघता विरून गेले' याला थेट उत्तर आहे. संपादक आत असताना पाच वर्षं पत्र निघतं, वर्गणी येते, कागद विकत घेतला जातो, कोणीतरी जुळारी खिळे जुळवतो. हे आपोआप होत नाही.

---

भटकी

अवांतर: अमेरिकेत त्याने पुन्हा शाळा काढली का?

---

उत्तरध्रुव

भटकी, शाळेपेक्षा पत्रं आणि नाटकं! १८६६ मध्ये शिकागोत स्वतःच्या नावाचं नॉर्वेजियन वृत्तपत्र काढलं, ते फार टिकलं नाही. मग १८६९ पासून 'दाग्सलूसेत' हे मासिक, धर्मचिकित्सेला वाहिलेलं. तिथल्या नॉर्वेजियन पाद्र्यांशी त्याचं उभं वैर. त्यांच्यावर त्याने बायबलच्या शैलीत विडंबनही लिहिलं. नॉर्वेजियन लोकांसाठी नाटकमंडळी उभी केली, नाटकं स्वतः लिहायचा. नॉर्वेत तुरुंग आणि अमेरिकेत पाद्री, दोन्हीकडे विरोध झाला पण लेखणी खाली ठेवली नाही.

---

कोकणी मेवा

यावर वेगळा धागा हवा. इथे मावणार नाही.

---

वकिलीण

मूळ प्रश्नावर माझं शेवटचं. चळवळीने काय मिळवलं हे तपासायचं तर १८५१ चा हुस्मन कायदा बघा. थ्राने जुलैत आत गेला आणि त्याच वर्षी संसदेने हुस्मन लोकांसाठी कायदा केला, करार लेखी हवा वगैरे. तो तोकडा होता, मालकांना फार बोचणारा नव्हता. पण एखाद्याला तुरुंगात घालून त्याच्या मागणीतला तुकडा मंजूर करायचा, ही सत्तेची जुनी रीत आहे, आणि ती मागणीची ताकद सांगते. मताधिकार सगळ्या पुरुषांना १८९८ ला मिळाला, स्त्रियांना १९१३ ला. अर्जावर सह्या करणाऱ्या १३,००० पैकी फार थोडे तो दिवस बघायला उरले असतील.

---

खडूफळा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

जुनाट, तुमचा १८८३ चा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. संघटनेचं सातत्य नव्हतं, कबूल. थ्रानेचा वारसा सांगत कोणी आरेंडालला गेलं नाही. तरीही माझं मत कायम आहे, आणि त्याचं कारण तुम्हीच पहिल्या प्रतिसादात नाव घेतलेल्या माणसात आहे. होल्टरमान क्नुदसेनने काय केलं? १८८४ मध्ये स्वतःच्या छापखान्यातून 'वोर्त आर्बाइदे' हे कामगारांचं पत्र काढलं. १८८६ ला त्याचं 'सोशल-देमोक्रातेन' झालं. पक्ष आला १८८७ ला. म्हणजे आधी पत्र, मग पक्ष! आणि पुढेही या पक्षात संपादकाची खुर्ची मंत्र्याच्या खुर्चीपेक्षा कमी मानली गेली नाही. मार्तिन त्रानमेल १९२१ पासून १९४९ पर्यंत पक्षाच्या मुख्य पत्राचा संपादक होता, मंत्री कधीच झाला नाही, आणि पक्षाची दिशा ठरवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. मोदुमच्या मास्तराने १८४९ च्या मे महिन्यात जी पद्धत पाडली, विखुरलेल्या माणसांना आठवड्याच्या छापील कागदाने एकत्र बांधायचं, तीच पद्धत होल्टरमान क्नुदसेनने वापरली. शिकवण डेन्मार्कमधून आली असेल. पण वाचून संघटित होता येतं हे नॉर्वेच्या मजुराने आधीच एकदा करून पाहिलं होतं.

म्हणून मी १८४८ म्हणतो.

---

जुनाट

पत्र आधी, पक्ष मग, हे जुळवणं आवडलं. तरी मी १८८७ वरच आहे. मात्र 'पार्श्वभूमी' हा मथळा काढून थ्रानेला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवं, यावर आपलं एकमत समजा.

---

निळाई

शिकागोच्या धाग्याचं कोण मनावर घेतंय? उत्तरध्रुव, तुम्हीच लिहा. नाटकमंडळीवर भर द्या, म्हणजे तिसरी घंटाही येतील.

---

उत्तरध्रुव

लिहितो. 'दाग्सलूसेत' १८७८ पर्यंत चाललं, तिथून सुरुवात करेन. पाद्र्यांबरोबरच्या भांडणाला एक वेगळा भाग लागेल.